मूळ अवस्थेतली १९६८ ची पॉन्टिॲक जीटीओ : विकताना किंमत किती सांगावी?

मिशिगनकर | ९ मार्च

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारच्या आजींना एक जुनी गाडी विकायची आहे आणि तिची किंमत किती सांगायची, हे ठरवण्याचे काम त्यांनी विश्वासाने माझ्यावर सोपवले आहे. मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो आणि वाहन उद्योगातच नोकरी करतो, पण माझे काम ब्रेकच्या सॉफ्टवेअरचे आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारातले मला काही कळत नाही. इथे अशा गाड्या वर्षानुवर्षे सांभाळणारी माणसे आहेत, म्हणून सगळे तपशील मांडतो.

गाडी १९६८ ची पॉन्टिॲक जीटीओ आहे, दोन दारांची हार्डटॉप (पक्के छत, पण खिडक्यांच्या मध्ये खांब नाही). आजींचे यजमान पॉन्टिॲक शहरातल्या कारखान्यातच कामाला होते आणि त्यांनी ती नवी कोरी घेतली होती. चारशे घन इंचांचे, साडेतीनशे अश्वशक्तीचे इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, गडद हिरवा रंग आणि छतावर काळे व्हिनाइल. १९९४ साली ती गॅरेजमध्ये लावली आणि त्यानंतर सुरू केलीच नाही. यजमान दोन वर्षांपूर्वी वारले.

गेल्या शनिवारी आम्ही तिच्यावरची ताडपत्री काढली. चारही टायर बसलेले होते, मागच्या सीटच्या कोपऱ्यात उंदरांचे घरटे होते आणि पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडताच जुन्या वार्निशसारखा वास आला. हेडलाइट पुढच्या जाळीमागे लपणारे आहेत. त्यांची झाकणे व्हॅक्यूमच्या जोरावर हलतात, पण रबरी नळ्या चिरल्यामुळे डावे झाकण अर्धवट उघडून तसेच अडकले आहे. डिकीतली चटई उचलली तर एका ठिकाणी खालची फरशी दिसली. बाहेरचा रंग मात्र बहुतेक मूळचाच वाटतो. मीटरवर ७१,४३२ मैल आहेत.

जुन्या गाड्यांचा एक व्यापारी येऊन गेला आणि नऊ हजार डॉलर रोख देतो म्हणाला. आजींच्या भाच्याने मात्र अशाच गाडीची बासष्ट हजारांची जाहिरात दाखवली. आजींचे म्हणणे असे आहे की आपल्याला कोणी फसवू नये आणि आपणही कोणाला फसवू नये. नऊ आणि बासष्ट यांच्यामध्ये नेमके कुठे उभे राहायचे?

ओहायोचा_सातारकर | ९ मार्च

सर्वांत आधी एक विनंती. गाडी धुऊ नका, पॉलिश करू नका आणि कोणाच्याही सांगण्यावरून इंजिन सुरू करून पाहू नका. तीस वर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला एकदम बॅटरी जोडून किल्ली फिरवली, तर सिलिंडरच्या भिंतींवर चढलेला गंज रिंगांना खाऊन टाकतो आणि आज जे इंजिन वाचवता येण्याजोगे आहे ते पाच मिनिटांत भंगारात जाते.

बासष्ट हजारांची जाहिरात बाजूला ठेवा. ती कोणीतरी मागितलेली किंमत आहे, मिळालेली नव्हे. विंडशील्डमागे डॅशबोर्डवर चालकाच्या बाजूला कारखान्याने दिलेला गाडीचा क्रमांक असेल (नंबर प्लेटवरचा नव्हे), त्याचे पहिले तीन आकडे कळवा. बाकीचे त्यानंतर बोलू.

जुनेलोखंड | १० मार्च

सातारकरांनी पहिले तीन आकडे का विचारले, ते सांगतो, कारण किमतीचा पाया तिथेच आहे.

१९६४ साली जनरल मोटर्सने मध्यम आकाराच्या गाड्यांमध्ये मोठी इंजिने बसवायला मनाई केलेली होती. त्याच कंपनीच्या पॉन्टिॲक विभागात मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून वाट काढली. त्यांनी ३८९ घन इंचांचे इंजिन टेम्पेस्ट या साध्या गाडीत ‘ऑप्शन’ म्हणून, म्हणजे जादा पैसे देऊन घ्यायची सोय म्हणून, द्यायला सुरुवात केली आणि त्या ऑप्शनला जीटीओ हे नाव दिले. मसल कार म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या गाड्यांची लाट तिथून उठली असे बहुतेक जाणकार मानतात. ऑप्शन असल्यामुळे १९६४ आणि १९६५ च्या गाड्यांच्या क्रमांकात जीटीओ असल्याची खूण नसते. १९६६ पासून ती स्वतंत्र मॉडेल झाली आणि क्रमांकाची सुरुवात २४२ ने होऊ लागली. १९६८ मध्ये २३७ ने सुरू होणारा क्रमांक ल मान्सचा, म्हणजे पॉन्टिॲकच्याच तशाच बांध्याच्या साध्या गाडीचा. ल मान्सवर जीटीओचे नाक आणि बिल्ले लावून विकण्याचे प्रकार पूर्वीपासून चालत आले आहेत, आणि अशी गाडी कितीही सुंदर दिसली तरी तिला खऱ्या जीटीओची किंमत मिळत नाही.

दुसरी गोष्ट इंजिनाची. पुढच्या बाजूला, प्रवाशाच्या अंगाला, सिलिंडर हेडच्या खाली ब्लॉकवर दोन अक्षरांचा संकेत कोरलेला असतो. साडेतीनशे अश्वशक्ती आणि ऑटोमॅटिक असेल तर १९६८ मध्ये तो ‘वाय-एस’ असायला हवा. तिथेच ब्लॉकवर गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा भागही ठोकलेला असतो; ही पद्धत १९६८ च्या मॉडेलपासूनच सुरू झाली, त्यामुळे तुमचे नशीब चांगले आहे, कारण १९६७ च्या गाडीत हा पुरावा मिळाला नसता. तेलकट मळ रॉकेलच्या बोळ्याने हलक्या हाताने काढा. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर त्या जागी अजिबात लावू नका. घासलेली जागा दिसली की गिऱ्हाइकाला आकडे नंतर ठोकल्याची शंका येते आणि ती पुन्हा जात नाही.

तिसरी गोष्ट कागदाची. पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस या संस्थेकडे १९६१ ते १९८६ या वर्षांतल्या गाड्यांच्या कारखान्यातल्या बिलांच्या मायक्रोफिल्म आहेत. गाडीचा क्रमांक आणि शुल्क पाठवले की तुमच्या गाडीवर कारखान्यातून काय काय बसवून दिले होते, याची प्रत ते पाठवतात. बहुतेक शेव्हर्ले गाड्यांच्या बाबतीत ही सोय नाही, आणि म्हणून शेव्हर्लेची १९७० ची शेव्हेल एसएस खरी आहे हे सिद्ध करताना मालकाच्या नाकी नऊ येतात. जीटीओचा हा मोठा फायदा आहे, तो वाया घालवू नका.

गॅरेजवाल्याची_लेक | १० मार्च

माझ्या वडिलांचे सांगलीत डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज होते, आणि मी गेली बावीस वर्षे पेनसिल्व्हेनियात आहे. पत्र्याबद्दल मला लिहायचे आहे, कारण अशा गाडीत पैसा इंजिनात कमी आणि पत्र्यात जास्त बुडतो.

डिकीत छिद्र पडले आहे म्हणता, तर ते पाणी कुठून आले याचा शोध घ्या. ज्या गाडीच्या छतावर व्हिनाइल चिकटवलेले असते, तिच्यात मागच्या काचेच्या खालच्या कडेला व्हिनाइलखाली ओल धरून राहते. पत्रा आतून सडतो, वरून काहीच दिसत नाही, आणि मग पाणी त्या कडेने सरळ डिकीत उतरते. काचेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत अंगठ्याने दाबून पाहा. कडक लागले तर उत्तम. भाकरीच्या पापुद्र्यासारखे दबले आणि करकरले, तर आतला पत्रा गेलेला आहे.

मग मागच्या चाकांच्या मागचा खालचा भाग, दारांच्या खालच्या कडा, चालकाच्या पायाखालची जमीन आणि चेसिस मागच्या चाकावरून जिथे वर वळते ती जागा पाहा. कापडात गुंडाळलेले साधे चुंबक घेऊन सगळ्या अंगावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरलेली आहे. पुढचे नाक यातून वगळा. १९६८ च्या जीटीओचा पुढचा बंपर एन्ड्युरा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने मढवलेला आणि गाडीच्याच रंगाचा असतो, त्यामुळे तिथे चुंबक धरले नाही म्हणून घाबरू नका. त्या काळच्या जाहिरातीत तो हातोड्याने ठोकून दाखवत. त्यावरच्या रंगाला बारीक तडे गेलेले असतील तर ते बहुधा मूळ रंग असल्याचेच लक्षण आहे.

बाबा एक गोष्ट नेहमी दाखवायचे. बॉनेट आणि डिकीच्या कडांना कारखान्यात ठोकलेले स्पॉट वेल्डचे ठिपके सारख्या अंतरावर, किंचित खोलगट दिसतात. ते बुजलेले किंवा वेडेवाकडे दिसले, तर तो पत्रा कधीतरी बदललेला आहे.

मिशिगनकर | १७ मार्च

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. या आठवड्यात जे आढळले ते चांगले-वाईट सगळे लिहितो.

क्रमांक २४२ ने सुरू होतो. ब्लॉकवर वाय-एस आहे आणि खालचे आकडे डॅशबोर्डवरच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळतात. बॉनेटखाली, इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या फायरवॉलवरच्या पट्टीवर रंगाचे अक्षर क्यू आहे; ते व्हर्डोरो ग्रीनचे आहे असे मला कळले. खिडकीला लावलेला मूळ किमतीचा कागद यजमानांनी घडी घालून गाडीच्या माहिती-पुस्तिकेत जपला होता.

मैलांबद्दल मला धाकधूक होती, कारण मीटर पाचच आकडी आहे आणि एक लाख मैल उलटून पुन्हा ७१ हजार झाले असते तरी कळले नसते. पण चालकाच्या दाराच्या कडेला तेल बदलल्याची चिकटपट्टी आहे. तिच्यावर पेन्सिलीने १९९१ आणि ६८,९०० असे लिहिले आहे, आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये सत्तरच्या दशकापासूनच्या पावत्या रबरबँड लावून ठेवलेल्या सापडल्या. रबरबँड हातात घेताच तुटला. पावत्या मात्र क्रमाने आहेत आणि मैल प्रत्येक पावतीवर वाढत गेलेले दिसतात.

आता वाईट गोष्टी. मागच्या काचेखालचा उजवा कोपरा अगदी भाकरीसारखाच दबला. डिकीचा तळ तळहाताएवढ्या दोन जागी गेलेला आहे, मागच्या दोन्ही चाकांमागे खाली गंज आरपार आहे. चेसिसवर वरवरचा गंज आहे, पण हातोडीने ठोकल्यावर आवाज घणघणीत येतो. डावे पुढचे मडगार्ड १९७६ साली अपघातानंतर रंगवल्याची पावती मिळाली. उन्हात पाहिले तर त्याच्या हिरव्यात किंचित निळसर झाक दिसते. ओळखीच्या मेकॅनिकने स्पार्क प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडले, चार दिवस थांबला आणि मग पाना लावून हाताने क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरवला. तो पूर्ण फिरला.

ह्यूस्टनवासी | १८ मार्च

इंजिन फिरते आहे म्हणजे निम्मी लढाई जिंकलात. माझा सल्ला असा की सहा-सात हजार खर्च करून गाडी चालती करावी, मडगार्ड आणि नाक नव्याने रंगवून घ्यावे आणि मग चाळीस हजार मागावेत. चालत्या गाडीला चार गिऱ्हाइके मिळतात, बंद गाडीला एक.

जुनेलोखंड | १८ मार्च

ह्यूस्टनवासींच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, पण रंगाबद्दलच्या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे, आणि तो मी पुस्तक वाचून नव्हे, स्वतः ठेच लागल्यावर करतो आहे. माझ्याकडे १९७२ ची ओल्ड्समोबाइल कटलस होती. पहिल्या मालकाच्या घरून आणलेली, मूळ रंगाची, दारांवर फिकी पडलेली. विकण्यापूर्वी मी ती चांगल्या दुकानातून पूर्ण रंगवून घेतली. पाहायला आलेल्या पहिल्या माणसाने रंगाची जाडी मोजायचे यंत्र दारावर ठेवले, आकडा पाहिला आणि विचारले, “खाली काय होते?” माझ्याकडे दाखवायला काहीच उरले नव्हते. रंगावर घातलेले पैसे तर आले नाहीतच, शिवाय न रंगवता जेवढे मिळाले असते, तेवढेही मिळाले नाहीत. नवा रंग गिऱ्हाइकाला गाडी दाखवत नाही, तो गाडी झाकतो. जुना रंग कितीही उडालेला असला, तरी त्याच्याखाली लांबी नाही याची तो साक्ष देत असतो.

तेव्हा १९७६ चे मडगार्ड तसेच राहू द्या आणि पावती सोबत ठेवा.

गॅरेजवाल्याची_लेक | १९ मार्च

जुनेलोखंड यांच्याशी शंभर टक्के सहमत. चालती करण्याबद्दलही एक शंका आहे. पेट्रोलची टाकी, नळ्या, ब्रेक, रेडिएटर, टायर हे सगळे आजींच्या पैशांतून करायचे, आणि मध्येच काहीतरी निघाले तर? ऐंशीच्या घरातल्या माणसाला ही जोखीम उचलायला लावू नये.

जुनेलोखंड | २० मार्च

आता आकड्यांकडे येतो.

बहुतेक लोक पूर्ण नवी केलेल्या गाडीच्या किमतीतून दुरुस्तीचा खर्च वजा करतात. इथे तसे करून पाहा. बासष्ट हजारांची गाडी जर खरोखर पायापासून नवी केलेली असेल, तर पत्रा, रंग, इंजिन, क्रोम, आतली सीटकामे धरून तिच्यावर साठ-सत्तर हजार सहज गेले असतील. वजाबाकी केली तर आजींची गाडी फुकट द्यावी लागेल. जीर्णोद्धारावर घातलेला पैसा बाजार पुरता परत करत नाही, म्हणून त्या टोकापासून मोजत आले की उत्तर नेहमी चुकते. त्या व्यापाऱ्याचे नऊ हजार मला तरी याच पद्धतीने आलेले दिसतात.

त्याऐवजी धडधाकट, चालत्या, पण प्रदर्शनात न ठेवण्याजोग्या गाडीपासून सुरुवात करा. हॅगर्टी या मिशिगनमधल्याच कंपनीच्या मूल्यमापनात गाड्यांचे एक ते चार असे दर्जे असतात. एक म्हणजे स्पर्धेत ठेवावी अशी आणि तीन म्हणजे रस्त्यावर आनंदाने चालवावी अशी. तीन नंबरच्या १९६८ च्या हार्डटॉप ऑटोमॅटिक जीटीओचे पूर्ण झालेले व्यवहार मी लिहून ठेवत असतो; माझ्या वहीत ते साधारण पस्तीस ते बेचाळीस हजारांमध्ये आहेत. मधला अडतीस हजार धरा. त्यातून रस्त्यावर आणण्याचे साडेसहा हजार आणि डिकी, मागचे कोपरे व काचेखालच्या पत्र्याचे आठ हजार काढा. इंजिन फिरले असले तरी ते अजून पेटलेले नाही, म्हणून घेणाऱ्याच्या जोखमीचे आणखी साडेतीन हजार काढा. उरले वीस हजार.

वजाबाकी इथे संपते, आणि आता जी भर घालायची, ती कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. एकच मालक, जुळणारे इंजिन, मूळ रंग, कागदांचा सलग गठ्ठा. या गोष्टी विकत आणता येत नाहीत. डिकीचा तळ नवा मिळतो, हेडलाइटच्या नळ्या मिळतात, सीटची कव्हरे अगदी मूळ नक्षीसकट मिळतात, पण पेन्सिलीने लिहिलेली १९९१ ची चिकटपट्टी मिळत नाही. माझ्या अंदाजाने याचे चार ते सहा हजार धरायला हरकत नाही. म्हणजे गाडी चोवीस ते सव्वीस हजारांची आहे. जाहिरातीत साडेसव्वीस सांगा आणि तेवीसच्या खाली उतरू नका.

ओहायोचा_सातारकर | २० मार्च

हिशेब पटला. एकच पुरवणी जोडतो. ‘दुर्मिळ’ हा शब्द जाहिरातीत घालू नका. १९६८ मध्ये ८७,६८४ जीटीओ तयार झाल्या. रॅम एअर इंजिन (बाहेरची थंड हवा थेट घेणारे, जास्त ताकदीचे) आणि चार गिअरची मॅन्युअल असती तर गोष्ट वेगळी होती. जाणकार गिऱ्हाइकाला हे आकडे पाठ असतात, आणि एक फुगवलेला शब्द दिसला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो.

ह्यूस्टनवासी | २१ मार्च

रंगाबद्दल मी माझे म्हणणे मागे घेतो. पण लिलावाचा विचार का करत नाही? दोन माणसे इरेला पेटली तर तीस हजारांच्या वरही जाईल.

जुनेलोखंड | २१ मार्च

जाईल किंवा जाणारही नाही. मोठ्या मंडपातल्या लिलावात घेणाऱ्याला बोलीवर साधारण दहा टक्के अधिभार द्यावा लागतो आणि तो ते मनात धरूनच बोली थांबवतो. शिवाय बंद गाडी तिथवर वाहून नेण्याचा खर्च आणि विकणाऱ्याचे शुल्क आहेच. ऑनलाइन लिलाव स्वस्त पडतो, पण तिथे शेकडो अनोळखी लोकांच्या प्रश्नांना आठवडाभर उत्तरे द्यावी लागतात. मिशिगनकरांना तेवढा वेळ असेल तर तो मार्ग वाईट नाही. माझे मत विचाराल तर घरूनच, एप्रिलमध्ये विका. वूडवर्ड अव्हेन्यूवर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी गाड्यांची जी जत्रा भरते, तिच्याआधी गाडी रस्त्यावर यावी असे तिकडच्या प्रत्येकाला वाटते, आणि ते काम करायला त्याच्या हातात चार महिने असले पाहिजेत.

टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, आजींच्या एकटीच्या नावावर करून घेतले आहे ना, तेही पाहा. ते राहिले असेल तर बाकी सारे व्यर्थ आहे.

मिशिगनकर | ४ मे

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. टायटलचे काम आधी पूर्ण केले. संस्थेकडून बिलाची प्रत आली आणि ती खिडकीवरच्या कागदाशी ओळ न् ओळ जुळली. त्यानंतर जाहिरात दिली, किंमत २६,५०० डॉलर. त्यात दबणाऱ्या कोपऱ्याचे, डिकीतल्या दोन्ही छिद्रांचे आणि मडगार्डचे फोटो पहिल्या पाचांतच ठेवले. भाच्याला ते आवडले नाही, पण आजी म्हणाल्या की जे आहे ते दाखवायचे.

अकरा फोन आले. त्यांतले चार जण फक्त किंमत किती खाली येईल एवढेच विचारत होते. प्रत्यक्ष तिघे आले. पहिला बाहेरूनच परत गेला. दुसऱ्याने एकवीस देऊ केले आणि मडगार्डचे कारण सांगितले. मी त्याला पावती दाखवली आणि ते आधीच हिशेबात धरले असल्याचे सांगितले, तेव्हा तो बावीसवर आला आणि तिथेच थांबला. तिसरे गृहस्थ लॅन्सिंगचे, निवृत्त टूलमेकर. ते दोन तास गाडीखाली पाठीवर पडून होते. बाहेर आल्यावर त्यांनी किंमत विचारलीच नाही. जाहिरातीतल्या किमतीवर आम्ही कसे पोहोचलो आणि त्यात काय काय धरले ते सांगा, म्हणाले. मी जुनेलोखंड यांचा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवला. पत्र्याचे आठ हजार कमी धरलेत, काच काढल्यावर आणखी निघेल, दहा धरा, असे ते म्हणाले. मला ते खोडता आले नाही. जोखमीचे साडेतीन जास्त आहेत, हे त्यांनी आपणहून मान्य केले, कारण इंजिनात छोटा कॅमेरा घालून त्यांनी सिलिंडरच्या भिंती पाहिल्या होत्या. २४,८०० वर व्यवहार झाला आणि बँकेत बसूनच पैसे आणि टायटल यांची देवाणघेवाण केली.

गाडी ट्रेलरवर चढवताना त्यांनी धूळ पुसू दिली नाही. आजींनी खिडकीवरच्या कागदाची एक प्रत स्वतःसाठी काढून घेतली आणि मूळ कागद पुन्हा माहिती-पुस्तिकेत होता तसाच घडी घालून ठेवला.